ह्यांचं वेगळं

सोलापूरला मोठ्या दिरांकडे जेवायला बसलं की ताटांसमोर दोन पातेली यायची. मोठ्यात वांग्याची रस्साभाजी, वर बोटभर तर्री. लहानात दुधीभोपळा, नुसता उकडून मीठ लावलेला. जाऊबाई ते लहान पातेलं भाऊजींच्या ताटाकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांचं वेगळं केलंय."

तीन वर्षं हे असंच चाललं. भाऊजींच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ आलं, डॉक्टरांनी "तेलकट-तुपकट बंद करा" एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं, आणि त्या दिवसापासून जाऊबाईंच्या ओट्यावर दोन कढया चढल्या. दोन फोडण्या, दोन चवी, सकाळचा एक तास जास्तीचा. भाऊजी घरात दुधी निमूट खायचे आणि संध्याकाळी फिरायला गेले की कोपऱ्यावर दोन वडे खायचे. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, मान खाली घालून. मोठ्या पातेल्यातली भाजी मुलगा, सून, नातवंडं जेवायची. शेवटी पातेल्याच्या कडांना उरायचा तो मसाला आणि तेल. ते जाऊबाई भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायच्या. अन्न टाकायचं नसतं.

मागच्या महिन्यात जाऊबाईंना चक्कर आली म्हणून त्यांचं रक्त तपासलं. वय एकसष्ट. रक्तातल्या चरबीची तपासणी आयुष्यात पहिल्यांदा. एलडीएल २०४.

नवऱ्यापेक्षा जास्त. आणि पथ्याचं रांधत होती ती हीच बाई.

मला राग आलेला आहे आणि तो या रकान्यात तसाच उतरणार आहे. राग भाऊजींवर नाही. राग त्या लहान पातेल्यावर आहे.

एका घरात, एका चुलीवर, एका डब्यातलं तेल खाणाऱ्या सहा माणसांपैकी एकालाच पथ्य लागतं, हे आपण ठरवलं कुणी? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 'इंडियाब' नावाची मोठी पाहणी आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. २०१४ मध्ये त्यातले रक्तचरबीचे आकडे प्रसिद्ध झाले: तपासलेल्या प्रौढांपैकी ७९ टक्क्यांच्या रक्तात काही ना काही बिघाड होता. सगळ्यांत जास्त आढळला तो कमी एचडीएलचा, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल पुरेसं नसण्याचा, ७२ टक्क्यांमध्ये. पुढे २०२३ मध्ये देशभराचे आकडे आले तेव्हा बिघाडाचं प्रमाण ८१ टक्के होतं. पाचातले चार. आता सांगा, लहान पातेलं नक्की कुणाकुणासाठी ठेवायचं?

बाईचं तर आपण मोजतही नाही. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्तातलं एलडीएल जोमाने उचलत असतं. पाळी जाण्याच्या सुमाराला ते संरक्षण ओसरतं आणि आकडा चढू लागतो. नेमक्या याच वयात घरातल्या पुरुषाचा रिपोर्ट येतो आणि बाई त्याच्या पथ्याला लागते. तिला विचारलं तर म्हणते, सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जायला जमत नाही, डबे असतात. ही अडचणही आता उरलेली नाही. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची अट नाही, आणि पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करा असं म्हटलंय. जाऊबाईंची एकसष्टाव्या वर्षी झाली, तीही चक्कर आली म्हणून.

(दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांचं थायरॉइडही तपासायला लावलं, ते फार बरं केलं. थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं, आणि मग बाई उगाच वर्षभर भातावरच्या तुपाला दोष देत बसते. जाऊबाईंचं थायरॉइड ठीक निघालं.)

*

आता तेलाच्या डब्याकडे.

डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: कोलेस्टेरॉलमुक्त. खरं आहे. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. शेंगदाण्यात नाही, सूर्यफुलात नाही, खोबऱ्यात नाही, पामच्या फळातही नाही. कोलेस्टेरॉल प्राण्याच्या शरीरात तयार होतं आणि आपल्या अंगातलं बहुतेक आपल्याच शरीरात बनतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. म्हणून प्रश्न डब्यात कोलेस्टेरॉल आहे का हा नाही. डब्यात संपृक्त चरबी किती, हा आहे.

का, ते अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी शोधलेल्या गोष्टीमुळे कळतं. १९८५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. यकृताच्या पेशींवर दारं असतात. रक्तातून फिरणारं एलडीएल त्या दारांतून आत घेतलं जातं आणि रक्त साफ राहतं. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की ही दारं कमी होतात. एलडीएल बाहेरच फिरत राहतं आणि रोहिणीच्या भिंतीत शिरतं. एवढं एक चित्र डोक्यात ठेवलं तर स्वयंपाकघरातले निम्मे वाद मिटतात.

तुपात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी. खोबरेल तेलात ऐंशीच्याही वर. पाम तेलात जवळजवळ निम्मी. शेंगदाण्याच्या तेलात पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडी कमी. करडईच्या तेलात दहा टक्क्यांच्या आसपास.

करडई. सोलापूरच्या आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला ज्वारीच्या कडेने करडईची काटेरी ओळ असायची. घाण्यावरून तेल यायचं, तेच वर्षभर फोडणीला. जाऊबाईंच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्याही, दुसरं तेल मधल्या वयापर्यंत पाहिलं नव्हतं. काटे बोचतात, काढणीला माणूस मिळत नाही, भाव मिळत नाही, म्हणून करडई रानातून गेली आणि आयात केलेलं पाम नि सोयाबीन घरात आलं. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था करडईवर कितीतरी वर्षं काम करते आहे, बिनकाट्याचे वाण तिने काढले. पण शेतकऱ्याने पेरायचं ते कुणी विकत घेणार असेल तर. आपण परदेशी ऑलिव्ह तेलाची लहानशी बाटली भारी किमतीला आणतो आणि मंगळवेढ्याच्या रानातलं करडईचं तेल मागतही नाही. याचं मला मनापासून दुःख होतं.

तरी तेल कोणतं याच्याइतकंच महत्त्वाचं, तेल किती. घाण्याचं असो, गाळलेलं असो, एका ग्रॅमला नऊ कॅलरी. जाऊबाईंना मी विचारलं, महिन्याला किती लागतं? म्हणाल्या, "मोजलं नाही कधी. डबा संपला की आणतो." मोजून पाहिलं. मुलगा-सून नोकरीमुळे पुण्याला गेल्यापासून घरात चार माणसं: ही दोघं आणि शाळेसाठी इथे राहिलेली दोन नातवंडं. पंधरा किलोच्या डब्यातून महिन्याला पाच लिटर जातं. म्हणजे माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर, चहाचे आठ चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या रोजच्या ताटात तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम धरलंय. पाच लिटरवाल्या घरात नुसतं तेलच ३८ ग्रॅम होतं, तूप आणि कोपऱ्यावरचे वडे सोडून. नातवंडं दहा आणि तेरा वर्षांची आहेत. त्यांच्याही पोटात हेच.

चार माणसांना महिन्याला तीन लिटर बसवा. माणशी रोज पाच चमचे होतात आणि वरणभातावर एक चमचा तुपाला जागा उरते. तूप पूर्ण तोडू नका. तुपाने कोलेस्टेरॉल कमी होतं असे निरोप सकाळी सकाळी फोनवर येतात, त्यांच्यावर विश्वासही ठेवू नका. चमचाभर तूप भातावर घेतलं तर ते जेवण आहे. तेच पोळीच्या कणकेत, पोळीला वरून, शिऱ्यात आणि लाडवात गेलं की दिवसाचा हिशेब बुडाला.

*

पाच लिटरचे तीन लिटर कसे होतात? इथे जाऊबाई आणि मी दोघी एक अख्खा आठवडा ओट्याशी उभ्या राहिलो.

पहिली गोष्ट: कढईत तेल ओतून मग फोडणी करण्याची सवय मोडायची. भाजी आधी वाफेवर शिजवायची. आपल्या आज्या कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायच्या. खालची वाफ त्या गार ताटलीला लागून पुन्हा भाजीवर टपटपते आणि भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते, लागत नाही. वरचं पाणी गरम झालं की तेच भाजीत घालायचं. मग शेवटी लोखंडी पळीत एक चमचा तेल, मोहरी, हिंग, लसूण, आणि चर्र करून वरून. वरच्या फोडणीचा वास पहिल्या घासाला येतो. तळातल्या चार चमच्यांचा येत नाही, तो कांद्याने पिऊन टाकलेला असतो.

दुसरी: रस्सा दाट करायला तेल लागतं हा गैरसमज. दाटपणा कुटाचा आणि डाळ्याचा. सुकं खोबरं वाटून घालायचं तिथे निम्मं भाजलेले तीळ घातले. काळ्या मसाल्याची चव कुठेही कमी झाली नाही. तर्री मात्र गेली. पहिल्या दिवशी तेरा वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, भाजीला रंगच नाही." दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी ब्याडगी मिरची भिजवून वाटून घातली. रंग आला.

तिसरी गोष्ट भेंडीची, आणि हिच्यापाशी मला जरा थांबायचंय.

कॅनडात टोरांटोला डेव्हिड जेनकिन्स नावाचे संशोधक आहेत. कोणत्या अन्नाने रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते हे मोजण्याची पद्धत त्यांचीच. २००३ मध्ये त्यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ माणसांवर एक महिना प्रयोग केला. एका गटाला साधा कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी, आणि तिसऱ्याला निवडक पदार्थांचं ताट: ओट, जव, इसबगोल, सोया, बदाम, वनस्पतींतली स्टेरॉल, आणि भाज्यांमध्ये भेंडी नि वांगी. गोळीवाल्यांचं एलडीएल सुमारे ३१ टक्क्यांनी उतरलं, ताटवाल्यांचं सुमारे २९ टक्क्यांनी. भेंडी आणि वांगी, टोरांटोच्या प्रयोगशाळेत!

भेंडीत काय आहे? तिचा बुळबुळीतपणा. चिरल्यावर जी तार सुटते ती पाण्यात विरघळणाऱ्या चिकट तंतूंची असते. पोटात गेल्यावर ते तंतू पित्ताला धरून ठेवतात आणि बाहेर घेऊन जातात. पित्त कमी पडलं की यकृताला नवं करावं लागतं आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. ओट, जव, इसबगोल या सगळ्यांचं कामही असंच चालतं. आणि आपण काय करतो? भेंडी पुसून घेतो, उन्हात ठेवतो, मग तार तुटेपर्यंत चार चमचे तेलात कुरकुरीत करतो. औषध मारायला तेल वापरतो.

ताकातली भेंडी करा. आमसूल घालून रश्श्याची करा. आंबट घातलं की तार जिभेला खुपत नाही, पोटात मात्र जाते. वांग्याचंही तेच. भरलं वांगं स्पंजासारखं तेल पितं. निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजलं तर एक थेंबही लागत नाही. कांद्याची पात, हिरवी मिरची, कूट घालून भरीत, आणि मालदांडी ज्वारीची भाकरी. हे पथ्याचं जेवण आहे असं वाटतं तरी का कुणाला?

या प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००३ मध्ये माणसांच्या हातात तयार अन्न दिलं होतं. २०११ मध्ये त्याच संशोधकांनी साडेतीनशे लोकांना नुसता सल्ला दिला आणि सहा महिने आपापल्या घरी शिजवू दिलं. तेव्हा उतार आला १३-१४ टक्के. २९ आणि १३ यांच्यामध्ये काय आहे? घर आहे. घरातली बाकीची माणसं, त्यांच्या आवडी, बाजार, कंटाळा. सोलापुरात ती दरी एका लहान पातेल्याने भरून काढायची होती, एकट्या बाईने.

*

ताटाची डावी बाजू आपण विसरलो आहोत. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, कोशिंबीर. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं, आणि शाकाहारी घरात ते दुसरीकडून फारसं येत नाही. जवस भाजून कुटायलाच हवं. अख्खं खाल्लं तर अख्खंच बाहेर पडतं. सोलापूरची शेंगा चटणी जगात नाव काढते, ती राहू दे, पण चटणीवर तेल ओतून कालवायची पद्धत सोडा. शेंगांतून सुटलेलं तेल पुरतं. त्याऐवजी दही घ्या.

इसबगोल आपल्याला फक्त पोट साफ होण्यासाठी माहीत. जगातलं बहुतेक इसबगोल गुजरात-राजस्थानातून जातं आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ पासून त्याच्या पाकिटावर हृदयासाठी उपयुक्त असा दावा छापायला परवानगी दिली आहे. रोज दोन मोठे चमचे, मोठ्या पेल्याभर पाण्यात, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. पाणी कमी प्यायलं तर ते घशात-पोटात अडकतं, ही चूक करू नका.

मटकी, चवळी, हुलगे, पावटा. रोज एक. यावर जास्त लिहायला नको, फक्त उसळीची मिसळ होऊ देऊ नका.

*

आता तो खणातला डबा. चहाबरोबरचा. खारी, टोस्ट, नानकटाई, फरसाण, नातवंडांची बिस्किटं. घरात कढईभर भाजीत तेल वाचवलं आणि चार खाऱ्या चहात बुडवल्या तर सकाळची मेहनत वाया. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा: पाम तेल, पामोलीन, वनस्पती. वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीने आपल्या दोन पिढ्यांच्या रोहिण्या खराब केल्या. ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल पाडते. १ जानेवारी २०२२ पासून देशात तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. चांगला कायदा आहे. पण कायदा पाकिटावर चालतो. पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईवर नजर ठेवणार कोण? तळणाचं तेल किती बिघडलं की वापरू नये याचीही मर्यादा २०१८ पासून आहे, आणि कोपऱ्यावरच्या काळ्या तेलातला वडा आपण डोळ्यांनी पाहून खातो.

घरीही तेच. दिवाळीचं तळण झालं की उरलेलं तेल गाळून बरणीत, आणि पौष उजाडेपर्यंत फोडणीला. टाकवत नाही म्हणून. जाऊबाई यंदा चकली कमी करणार आहेत, कढई लहान घेणार, तेल थोडं घालणार. उरलंच नाही, तर साठवायचा प्रश्न येत नाही.

ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे तेलाइतकीच दोषी साखर आहे. साखरेचे चार चहा, मैदा, पांढरा भात दोन्ही वेळा, दारू. आणि उपास. महिन्यातून दोन एकादश्या, चतुर्थी, सोमवार. प्रत्येक वेळी परातभर साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर तूप आणि तळलेले बटाटे. हा उपास नव्हे. भगर, दाण्याची पातळ आमटी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, ताक. देवाला चालतं, यकृताला सोसतं.

किनाऱ्यावरच्या वाचकांनी रागावू नये, खोबऱ्याबद्दल मी कडक बोलले. ओलं खोबरं मूठभर घातलेलं कालवण वेगळं आणि खोबरेल तेलात तळण वेगळं. बांगडा, तारली ही तुमची खरी संपत्ती, फक्त रवा लावून तळू नका, तिखलं करा. अंड्याचं भय थोडं कमी करा: पिवळ्या बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, पण बहुतेकांच्या रक्तावर त्याहून मोठा परिणाम अंडं ज्या लोण्यात परतलं त्याचा होतो. मटणाचा रस्सा आदल्या दिवशी करून गार होऊ दे, वर चरबीचा थर जमतो तो काढून टाका.

*

आणि गोळी. यात दोन प्रकारची माणसं मला सारखी भेटतात आणि दोघांशीही मला भांडायचंय.

एक म्हणतो, गोळी चालू आहे, आता काही खाल्लं तरी चालतं. दुसरा म्हणतो, मी पथ्य सुरू केलंय, गोळी सोडली. दुसऱ्याची मला जास्त भीती वाटते. जपानचे अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासून, तांदळावर वाढलेल्या एका बुरशीत पहिलं स्टॅटिन शोधलं. त्या घराण्याची पहिली गोळी १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि तेव्हापासून तिने असंख्य माणसं वाचवली. ज्याला झटका येऊन गेलाय, ज्याच्या नळीत स्टेंट आहे, ज्याला मधुमेह आहे, त्याने ताकातली भेंडी खावी आणि गोळीही घ्यावी. अडीचशेतल्या सुमारे एका माणसात तर एलडीएल जन्मापासूनच जास्त असतं, यकृताची ती दारंच वारशाने बिघडलेली. अशा माणसाला "तू तेल फार खातोस" म्हणून घरात टोमणे मारणं हा अन्याय आहे. त्याला डॉक्टर हवा, आणि त्याच्या भावंडांचं, मुलांचं रक्त तपासायला हवं.

जाऊबाईंना गोळी सुरू झाली. त्या आधी नको म्हणत होत्या. "ह्यांच्या गोळीचा खर्च आहे, माझं पाहू पुढे," असं मला म्हणाल्या. भाऊजी तिथेच बसले होते. ते उठले, पिशवी घेतली आणि स्वतः औषधाच्या दुकानात गेले.

सहा आठवडे झाले. ओट्यावर आता एकच कढई असते. तेलाचा डबा उघडला ती तारीख नातवाने कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवलीय आणि दर रविवारी तो डबा उचलून पाहतो. पहिल्या महिन्याला साडेतीन लिटर झाले, तीन नाही झाले. मध्ये पाहुणे होते. भाऊजींनी वडा पूर्ण सोडला नाही, पण शनिवारी एक, तोही घरी सांगून. पुढची तपासणी दिवाळीनंतर, दोघांची एकाच दिवशी.

मागच्या रविवारी मी गेले होते. भरीत, भाकरी, मटकीची उसळ, जवसाची चटणी, ताक. वाढून झालं आणि जाऊबाई सवयीने ओट्याकडे वळल्या, मग थांबल्या. दुसरं करायचं काही नव्हतं. आमच्याबरोबरच ताट घेऊन बसल्या.

"ते लहान पातेलं कुठाय?" मी विचारलं.

"त्यात दही विरजते हल्ली."